हॉवर्ड फास्ट : हरलेल्यांच्या इतिहासाचा कादंबरीकार

आमच्या महाविद्यालयात शनिवारी दुपारी दहा-पंधरा विद्यार्थी एका रिकाम्या वर्गात जमतात. अभ्यासक्रमात नसलेल्या पुस्तकांवर बोलायचे, एवढाच या बैठकीचा नियम. गेल्या वर्षी एका शनिवारी मी त्यांना 'फ्रीडम रोड' या अमेरिकन कादंबरीची गोष्ट सांगितली. गुलामगिरीतून सुटलेला, अक्षरशत्रू गिडियन जॅक्सन मोठ्या वयात अक्षरे गिरवतो. घटना लिहिणाऱ्या परिषदेत जाऊन बसतो. पुढे देशाच्या प्रतिनिधिगृहापर्यंत पोचतो आणि शेवटी आपली जमीन राखताना आपल्या माणसांसह मारला जातो. गोष्ट संपली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा लेखक त्यांच्यातलाच होता का?"

मी म्हटले, "नाही. गोरा होता. ज्यू होता."

"मग त्याला कसं कळलं?"

हा प्रश्न आपल्या साहित्यचळवळीइतकाच जुना आहे. दलितेतराने लिहिलेले ते दलित साहित्य होईल काय, सहानुभूती आणि स्वानुभव यांत किती अंतर आहे, यावर आपल्याकडे परिसंवाद झाले, भांडणे झाली. उत्तर बहुधा पाठ असते आणि मीही ते देऊन मोकळा झालो असतो. परंतु त्या मुलीने वाद घातला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. म्हणून हॉवर्ड फास्ट या लेखकाचे आयुष्य मी पुन्हा एकदा नीट पाहिले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

१

हॉवर्ड फास्टचा जन्म ११ नोव्हेंबर १९१४ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. वडील युक्रेनमधून लहानपणी आलेले. मूळ आडनाव फास्टोव्हस्की. अमेरिकेच्या बंदरावर उतरताना त्याचे 'फास्ट' झाले. आई इंग्लंडमार्गे आलेल्या ज्यू कुटुंबातली. तो आठ वर्षांचा असताना आई गेली. वडील मिळेल ते काम करणारे कामगार. बरेचदा हाताला काम नसे. सर्वांत धाकट्या भावाला नातलगांकडे पाठवावे लागले. हॉवर्ड आणि त्याचा थोरला भाऊ वर्तमानपत्रे टाकून घर चालवू लागले, तेव्हा त्यांचे वय पाटीपेन्सिलीचे होते.

पुढे त्याला सार्वजनिक ग्रंथालयात पोऱ्याचे काम मिळाले. पुस्तके उचलायची, फळीवर लावायची आणि सवड सापडली की वाचायची. जॅक लंडनची 'द आयर्न हील' ही कादंबरी त्याने कोवळ्या वयातच वाचली आणि ती त्याच्या मनात कायमची रुतून बसली. चित्रकला शिकण्यासाठी एका नामांकित कलाशाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती, पण ते शिक्षण पुरे झाले नाही. महाविद्यालयाची पदवी त्याच्याजवळ नव्हतीच. १९३२ साली त्याची पहिली कथा एका विज्ञानकथांच्या मासिकात छापली गेली. १९३३ साली पहिली कादंबरी आली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. महामंदीचे दिवस होते ते. रस्त्यात भेटेल त्याच्या गाडीत बसून तो दक्षिणेकडे भटकला. कामाच्या शोधात निघालेली बेकार माणसे त्याने वाटेवर पाहिली.

हे तपशील मुद्दाम देतो. फास्टचे दारिद्र्य आणि काळ्या माणसाचे दारिद्र्य एक नव्हते. तो गोरा होता. अंगावर धड कपडे आले की गर्दीत मिसळून जाऊ शकत होता. काळ्या माणसाला ती सोय नव्हती. तरीही ज्याचे पोट रोज हातावर असते, त्याला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आपला बाप कुठेच का नाही, हा प्रश्न पडू शकतो. फास्टला तो पडला आणि त्याने पुढचे सारे आयुष्य त्या प्रश्नाभोवती काढले.

२

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गड, दरबार, तलवारी आणि राजघराण्यातली कारस्थाने येतात. अमेरिकेत राजे नव्हते; पण त्यांचीही प्रस्थापित ऐतिहासिक कादंबरी होती आणि ती निरुपद्रवी नव्हती. थॉमस डिक्सन या लेखकाची 'द क्लॅन्समन' ही कादंबरी १९०५ साली आली. काळ्या माणसांना रात्री घराबाहेर ओढून मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या टोळीला तिने धर्मरक्षकांच्या पदावर बसवले. तिच्यावरून १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी, मोडून गेलेली ती टोळी नव्याने उभी राहिली. १९३६ साली मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' आली. मळेमालकांच्या बुडालेल्या वैभवासाठी साऱ्या देशाने डोळे पुसले. त्या मळ्यात राबणाऱ्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

कादंबरीकारांच्या पाठीशी पंडितही होते. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी असे मांडले की, यादवी युद्धानंतर काळ्यांना मतदानाचा हक्क देणे ही घोडचूक होती. अडाण्यांच्या हाती राज्य गेले आणि नुसता भ्रष्टाचार माजला. अनेक दशके अमेरिकेतली मुले हेच शिकत होती. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकत होते ते हेच विद्यापीठ. ज्ञानाचे मोठे दालन तेथे खुले होते आणि त्याच छताखाली एका समाजाच्या पराभवाला न्याय्य ठरवणारा इतिहासही शिकवला जात होता.

या इतिहासाला पहिले भक्कम उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विद्वानाने, १९३५ सालच्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात. ग्रंथ मोठा, कागदपत्रांनी खच्चून भरलेला. पण पंडितांच्या वर्तुळात त्याची उपेक्षाच झाली. जो इतिहास ड्यू बॉइसने ग्रंथात मांडला, तोच नऊ वर्षांनी फास्टच्या 'फ्रीडम रोड'च्या मुळाशी आहे.

३

हा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या अभ्यासक्रमांत तो सहसा लिंकनच्या खुनापाशीच संपतो.

यादवी युद्ध १८६५ साली संपले. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली. युद्ध संपता संपता सेनापती शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस चाळीस एकर वाटण्याचा हुकूम काढला होता. नव्या अध्यक्षाने, अँड्र्यू जॉन्सनने, त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. माणूस मोकळा झाला, पण उभे राहायला पायाखाली जमीन नव्हती. १८६७ साली काँग्रेसने कायदे करून दक्षिणेत लष्कर ठेवले आणि काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क दिला. १८६८ साली साउथ कॅरोलायना राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी चार्ल्स्टन शहरात परिषद भरली. तिच्यात बहुसंख्य सभासद काळे होते आणि त्यांतले कित्येक तीन वर्षांपूर्वीपर्यंत विक्रीचा माल होते. त्या परिषदेने राज्यात प्रथमच सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली आणि निवडून येण्यासाठी मालमत्तेची अट काढून टाकली. त्या काळात एकंदर १६ काळे प्रतिनिधी देशाच्या काँग्रेसमध्ये जाऊन बसले.

मग १८७७ साली राजकीय सौदा झाला. अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीच्या तडजोडीत दक्षिणेतले लष्कर काढून घेण्यात आले. त्याआधीच हत्याकांडे सुरू झाली होती; १८७६ च्या जुलैत साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावी काळ्या शिपायांना पकडून ठार मारण्यात आले. १८९५ च्या घटनेने त्या राज्यातल्या काळ्यांचे मत जवळजवळ काढूनच घेतले. १९०१ ते १९२९ या काळात देशाच्या काँग्रेसमध्ये एकही काळा माणूस नव्हता. मतदानाच्या हक्काचे परिणामकारक संरक्षण मिळायला १९६५ साल उजाडावे लागले.

'फ्रीडम रोड' १९४४ साली प्रसिद्ध झाली. गिडियन जॅक्सन हे पात्र कल्पित आहे. पण गुलामीतून सुटून घटनापरिषदेत आणि तेथून काँग्रेसमध्ये गेलेला रॉबर्ट स्मॉल्ससारखा माणूस त्या राज्यात खराच होऊन गेला होता. कादंबरीचा गाभा मला दोन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण अक्षरओळखीचे. परिषदेला जायचे तर वाचता आले पाहिजे. गिडियनची पहिली लढाई बंदुकीची नाही, ती वर्तमानपत्रातल्या ओळीची आहे. माझ्या घरात सातबाऱ्यावर अंगठा उठवण्याची रीत माझ्या वडिलांपर्यंत चालली. मला पहिला पगार मिळाला त्या महिन्यात त्यांनी बँकेच्या कागदावर सही करून पाहिली. 'म'चा दांडा दोनदा चुकला. हे प्रकरण मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा दरवेळी त्या दांड्यापाशी अडखळतो.

दुसरे ठिकाण जमिनीचे. मुक्त झालेले काळे आणि त्यांच्या शेजारचे गरीब गोरे एकत्र येऊन मळ्याची जमीन विकत घेतात, एकत्र कसतात, शाळा काढतात. क्लॅनचा हल्ला येतो तो यामुळेच. काळ्या माणसाने मत दिले एवढ्यावरून मालकांचे रक्त उकळते. परंतु काळा आणि गोरा कष्टकरी एका बांधावर आले, तेव्हा मात्र गावच जाळावे लागते. फास्टचे निदान हे आहे. ते कादंबरीत कोणाच्या भाषणातून येत नाही. नांगर, बियाणे, कर्ज आणि लिलाव यांतून येते.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली, निग्रोंची दास्यातून मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण सर्वजण जाणतो. ते वर्ष लक्षात घ्यावे. पुण्यात ते पुस्तक छापले गेले तेव्हा गिडियनसारखी माणसे खरोखरच प्रतिनिधिगृहात बसत होती. जोतीरावांनी पाहिली ती आशा खोटी नव्हती. तिचा घात चार वर्षांनी, १८७७ साली झाला. अर्पणपत्रिकेच्या पुढचे पान वाचायचे असेल तर 'फ्रीडम रोड' वाचावी.

आणखी एक धागा येथेच सांगतो. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांनाही तसाच मार्ग धरावा लागेल काय, हा विचार त्यांच्या मनात होता. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर पाठवले. याच ड्यू बॉइस यांनी पुढे 'फ्रीडम रोड'च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. ज्या समाजाची कथा, त्या समाजाच्या सर्वांत मोठ्या इतिहासकाराने परक्याच्या कादंबरीवर आपली मोहोर उठवली.

४

त्याआधीच्या दोन कादंबऱ्यांचा उल्लेख केला पाहिजे. 'द लास्ट फ्रंटियर' (१९४१) ही शायेन या आदिवासी जमातीच्या १८७८ सालच्या निर्गमनाची कथा. ओक्लाहोमातल्या राखीव मुलखात उपासमार आणि हिवतापाने मरत असलेले सुमारे तीनशे लोक, बायकामुलांसह, उत्तरेकडे आपल्या मूळ भूमीकडे चालत निघतात आणि देशाचे सैन्य त्यांचा पाठलाग करते. 'सिटिझन टॉम पेन' (१९४३) ही थॉमस पेनची कथा. कमरपट्टे शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १७७६ साली 'कॉमन सेन्स' लिहून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा आवाज झाला आणि १८०९ साली मेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे होती. पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' जोतीरावांनी तरुणपणी वाचले होते. फास्टने या पेनला पुतळ्यावरून खाली उतरवून दारू पिणारा, मळक्या कपड्यांतला, पण विचाराशी बेइमानी न करणारा माणूस म्हणून उभे केले. १९४७ साली न्यू यॉर्कच्या शिक्षण मंडळाने अश्लीलतेचे निमित्त करून हे पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाकले. अश्लीलतेचे निमित्त कोणत्या पुस्तकांना लागते आणि कोणत्या नाही, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

५

दुसऱ्या महायुद्धात फास्ट सरकारच्या युद्धविषयक माहिती खात्यात होता. परदेशी ऐकू जाणाऱ्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा मजकूर तो लिहीत असे. त्याच काळात तो कम्युनिस्ट पक्षात गेला. काळ्यांच्या बाजूने तेव्हा रस्त्यावर उतरणाऱ्या संघटनांत हा पक्ष पुढे होता, हेही त्यामागचे एक कारण होते. १९४९ साली न्यू यॉर्कजवळ पीक्सकिल येथे काळा गायक पॉल रोब्सन याचा कार्यक्रम ठरला. फास्ट त्याचा अध्यक्ष होता. जमावाने हल्ला करून तो कार्यक्रम उधळला. पुढच्या आठवड्यात हजारोंच्या उपस्थितीत तो पुन्हा झाला आणि परतणाऱ्या गाड्यांवर दगडांचा वर्षाव झाला.

युद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध सुरू झाला. स्पेनमधल्या फॅसिस्ट राजवटीतून पळालेल्या निर्वासितांना मदत करणाऱ्या एका समितीत फास्ट होता. देणगीदारांची नावे द्या, असे काँग्रेसच्या चौकशी समितीने फर्मावले. समितीच्या सभासदांनी नकार दिला. काँग्रेसच्या अवमानाबद्दल फास्टला तीन महिन्यांची कैद झाली. १९५० साली ती त्याने वेस्ट व्हर्जिनियातल्या मिल पॉइंट येथील तुरुंगात भोगली. एका नावासाठी तीन महिने, हा हिशेब लहान वाटेल; पण त्याने एकही नाव दिले नाही.

तुरुंगवासाने 'स्पार्टाकस'ला जन्म दिला. इसवी सनापूर्वी ७३ साली इटलीतल्या कापुआ गावच्या आखाड्यातून काही गुलाम निसटले. प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी एकमेकांना ठार मारणे हे त्यांचे काम. त्यांचा पुढारी स्पार्टाकस. दोन वर्षे त्यांनी रोमच्या फौजांना धूळ चारली. ७१ साली ते हरले आणि कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलाम क्रुसावर टांगले गेले.

हस्तलिखित तयार झाले, पण छापायला कोणी धजेना. सात प्रकाशकांनी नकार दिला. एका प्रकाशनसंस्थेला ते आवडले होते. पण गुप्त पोलीस खात्याच्या प्रमुखाकडून इशारा आला आणि तिनेही माघार घेतली. तेव्हा फास्टने स्वतःच ते छापायचे ठरवले. वाचकांना पत्रे पाठवून आगाऊ पैसे मागितले. एका मोठ्या पुस्तकविक्री साखळीच्या प्रमुखाने, आपल्याच संस्थेने नाकारलेल्या या पुस्तकाच्या ६०० प्रती मागवल्या. १९५१ साली घरच्या तळघरातून पुस्तकांची पार्सले जाऊ लागली आणि चाळीस हजारांच्या वर प्रती खपल्या. आपली नियतकालिके वर्गणीवर, पोस्टाच्या पाकिटांवर आणि कार्यकर्त्यांच्या पिशव्यांतून कशी जगली, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तळघराचे मोल कळेल. १९६० साली त्यावर चित्रपट निघाला. पटकथा लिहिणारा डाल्टन ट्रंबो काळ्या यादीतला. त्याचे नाव उघडपणे पडद्यावर झळकले आणि त्या यादीची दहशत ओसरू लागली.

या कादंबरीची रचना पाहण्यासारखी आहे. स्पार्टाकस मेला आहे, रस्त्यावर क्रूस उभे आहेत, तेथून ती सुरू होते. त्याच्याविषयी आपल्याला कळते ते बव्हंशी रोमन लोकांच्या बोलण्यातून : त्याला हरवणारा सेनापती क्रासस, त्याला विकत घेणारा आखाड्याचा मालक, राजकारणी ग्राकस. हे उगाच केलेले नाही. स्पार्टाकसविषयी जेवढे लिहून ठेवलेले आहे, ते प्लुटार्क, अ‍ॅपियन अशा मालकवर्गाच्या लेखकांनी लिहिलेले आहे. गुलामांच्या हातचे एक अक्षरही उरलेले नाही. 'द लास्ट फ्रंटियर'मध्येही शायेन आपल्याला बहुतेक वेळा पाठलाग करणाऱ्या गोऱ्यांच्या नजरेतूनच दिसतात. फास्ट मालकांचीच साक्ष काढतो आणि त्यांच्याच तोंडून त्यांची भीती वदवून घेतो.

६

यापुढचा भाग कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

फास्ट सोव्हिएत संघात अतिशय लोकप्रिय होता. तेथे त्याच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपत. १९५३ साली त्याला स्टालिन शांतता पारितोषिक जाहीर झाले. त्याच सुमारास अमेरिकन सरकारच्या परदेशातल्या ग्रंथालयांतून त्याची पुस्तके काढली जात होती आणि त्याला पासपोर्ट नाकारला जात होता. सोव्हिएत देशात ज्यू लेखकांचा छळ होतो, अशा वार्ता त्याच्या कानावर येत. त्याने विचारणा केली. उत्तरे गोड मिळाली. लेव्ह क्विट्को या यिडिश कवीविषयी त्याने विचारले, तेव्हा एका सोव्हिएत लेखकाने तो सुखरूप असल्याचे सांगितले. वास्तविक १९५२ च्या ऑगस्टमध्येच क्विट्कोला इतर ज्यू लेखकांबरोबर गोळी घालण्यात आली होती.

१९५६ साली क्रुश्चेव्हच्या भाषणाने स्टालिनच्या काळातले अत्याचार उघड झाले. फास्टने पक्ष सोडला आणि १९५७ साली ते जाहीर केले. 'द नेकेड गॉड' हे पुस्तक लिहून आपली फसवणूक, आणि आपण स्वतः डोळ्यांवर ओढून घेतलेले कातडेही, त्याने मांडले. सोव्हिएत दुकानांतून त्याची पुस्तके नाहीशी झाली. काल एका सरकारला तो नको होता, आज दुसऱ्यालाही नकोसा झाला. जुने मित्र तुटले.

मला त्याच्या धैर्याबरोबर त्याचा उशीरही दिसतो. ज्याने काँग्रेसच्या समितीपुढे एक नाव उच्चारले नाही, तो आपल्याच छावणीतल्या मृतांच्या नावांबाबत वर्षानुवर्षे गोड उत्तरांवर समाधान मानत राहिला. शत्रूला प्रश्न विचारणे सोपे असते, कारण त्यासाठी टाळ्या मिळतात. आपल्या माणसांना प्रश्न विचारला की बैठकीत शेजारची खुर्ची रिकामी होते. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेल्या आपल्या दलित पँथरमध्ये दोनच वर्षांत फूट पडली. तेव्हा मार्क्स की बुद्ध हा वाद किती पेटला आणि त्यात किती माणसे एकमेकांना दुरावली, हे मागच्या पिढीकडून आम्ही ऐकले आहे. फास्टचा अनुभव त्या वादात कोणाचीच बाजू जिंकवून देत नाही. बांधिलकी माणसांशी असते, आणि संघटना माणसांविषयी खोटे बोलू लागली तर लेखकाने वेळेवर तोंड उघडले पाहिजे, इतकेच तो सांगतो.

७

नंतरची चाळीसहून अधिक वर्षे तो लिहीत राहिला. 'एप्रिल मॉर्निंग' (१९६१) ही अमेरिकन क्रांतीच्या पहिल्या दिवसाची कादंबरी शाळांतून वाचली जाऊ लागली. ज्याचे पुस्तक शाळांतून हाकलले होते, त्याचेच दुसरे पुस्तक शाळेत आले. ई. व्ही. कनिंगहॅम या टोपणनावाने त्याने रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या एका मालिकेचा नायक जपानी वंशाचा पोलीस अधिकारी आहे आणि तो झेन बौद्ध आहे. फास्ट स्वतःही झेन ध्यान करीत असे आणि १९७७ साली त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. त्याच वर्षी 'द इमिग्रंट्स' ही त्याची गाजलेली कौटुंबिक कादंबरीमाला सुरू झाली आणि पैसा भरपूर आला. १९७९ साली 'फ्रीडम रोड' दूरचित्रवाणीवर आली. गिडियनची भूमिका मुष्टियोद्धा मोहम्मद अली याने केली. १९९० साली 'बीइंग रेड' हे आत्मकथन आले. १२ मार्च २००३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी फास्ट वारला.

त्याच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. तो फार भराभर लिहीत असे. शेवटच्या काळातल्या बऱ्याच कादंबऱ्या वाचून बाजूला ठेवण्याच्या योग्यतेच्या आहेत. गिडियन जॅक्सन इतका सज्जन, इतका धीरोदात्त आहे की कधी कधी तो माणूस न वाटता आदर्श वाटतो. अनुभवातून लिहिणाऱ्याला आपल्या बापाचा राग, लबाडी, दारू सारे ठाऊक असते. परका लेखक बहुधा आदरापोटी ते गाळतो आणि आदरापोटीच माणूस थोडा पातळ करतो. गिडियनची बायको रेचेल तर त्याच्या मोठेपणामागे झाकलीच जाते. मळ्यातल्या काळ्या बाईचे आयुष्य आतून वाचायचे असेल तर मार्गारेट वॉकर या काळ्या लेखिकेची १९६६ सालची 'ज्युबिली' घ्यावी. आजीच्या तोंडून ऐकलेल्या पणजीच्या कहाणीवर तिने ती उभारली, आणि तीही महाविद्यालयात शिकवत, चार मुले वाढवत.

मग त्याला कसे कळले? माझे उत्तर असे की, जेवढे शिकून कळते तेवढे कळले. काळ्या इतिहासकाराने धुंडाळून ठेवलेल्या इतिहासापाशी तो गेला, नाव न देण्याची किंमत त्याने तुरुंगात मोजली, पुस्तक छापायला स्वतःचे तळघर लावले. जे शिकून कळत नाही ते त्याच्या कादंबरीत नाही आणि ती जागा रिकामी आहे हे आपण स्पष्ट म्हणावे. सहानुभूतीने लिहिणाऱ्याला दारातच अडवू नये. त्याने कोणाकडून शिकून घेतले आणि काय किंमत मोजली, हे मात्र जरूर विचारावे. आपल्याकडे प्राचार्य म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची ओळख करून दिली ती आपण त्या साहित्याची नक्कल करावी म्हणून नव्हे. आपले प्रश्न कोणत्या प्रश्नांचे सोयरे आहेत ते समजावे म्हणून.

पुढच्या एका शनिवारी मी हे सारे वर्गात सांगितले. स्पार्टाकसच्या बायकोचाही विषय निघाला. प्लुटार्क सांगतो की ती त्याच्याच जमातीची होती आणि भविष्य सांगत असे. तिचे नाव मात्र तो देत नाही. फास्टच्या कादंबरीत तिला नाव आहे, व्हारिनिया, पण ते त्याने ठेवलेले. मागच्या बाकावरच्या त्याच मुलीने हे वहीत लिहून घेतले आणि मान वर करून म्हणाली, "सर, म्हणजे तिचं खरं नाव कोणालाच माहीत नाही."

मी म्हटले, "नाही."

ती वहीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "आमच्या पणजीचं नाव मला माहीत नाही. घरी विचारलं तर सांगतील ना?"